उंबऱ्याशी आलेला काचेचा गोळा

फरशीवाला घरातून उलटा बाहेर पडतो. समोरच्या भिंतीपासून सुरुवात करायची, आणि उकिडवं बसून मागे मागे सरकत दाराशी यायचं. शेवटचा तुकडा उंबऱ्याशी बसवला की आपण बाहेर आणि घर आत. सिमेंट-वाळूच्या ओल्या मसाल्यावर पाय देता येत नाही, त्यामुळे परत वळून आत जायची सोय नसते. वास्तुशांतीच्या जेवणाला लोक गवंड्याला आठवणीने बोलावतात, सुतारालाही बोलावतात. फरशीवाल्याची आठवण येते ती फरशी पोकळ वाजायला लागल्यावर.

मी दिलावर मुलाणी, राहणार पौड. मुळशी खोऱ्यात ज्या काळी पुण्याची मंडळी जमिनी घेऊन शेतघरं बांधायला लागली, तेव्हापासून मी इथल्या घरांच्या फरश्या केल्या. कासार आंबोलीत केल्या, मुठ्यात केल्या, कोळवणात तर मोजदाद नाही. माझ्या स्वतःच्या घरात शहाबादी आहे, आणि तीही एका कोपऱ्यात हलते. ती बसवायला मला कधी वेळ मिळाला नाही, आणि हमीदा, माझी बायको, गेल्यावर बसवून कोणाला दाखवायची हा प्रश्न होता. मूलबाळ आम्हाला झालं नाही. म्हणून लांबचं काम आलं की मी आनंदाने घ्यायचो. परक्याच्या रिकाम्या घरात एकट्याने भाकरी खाताना तेवढं जाणवत नाही. आपल्या घरात जाणवतं.

आमच्या धंद्यात तऱ्हेवाईक गिऱ्हाईकं फार. एका साहेबांनी उंबऱ्यातच लक्ष्मीची पावलं कायमची बसवून घेतली. मी म्हटलं, साहेब, रांगोळीची पुसता येतात, ही पुसणार नाहीत. ऐकलं नाही. मग त्यांच्या आईने त्या पावलांवर पाय द्यायला साफ नकार दिला आणि त्या मागच्या दाराने येऊ-जाऊ लागल्या. पाहुणे उड्या मारून आत यायचे. शेवटी तिथे एक चटई कायमची पडली. फरशीवर काय काढायचं हे ठरवताना माणसं एक गोष्ट विसरतात, की तिच्यावर चालायचं असतं.

हे सांगायचं कारण म्हणजे लेलेबाई. त्यांना फरशीवर जंगली जनावरं हवी होती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. लेलेबाई पुण्यात कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि कोळवणाच्या अलीकडे, भातखाचरांच्या वरच्या अंगाला, तीन खोल्यांचं कौलारू घर बांधून एकट्या राहायला आल्या होत्या. उंच, सडसडीत, बोलणं तोलून मापून. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे फोटोंचा एक गठ्ठा ठेवला. सगळे काळेपांढरे. प्रत्येकाच्या मागे बारीक अक्षरात रंग लिहिलेले: इथे पिवळा, इथे विटकरी, इथे शेवाळी.

"हे रोमन लोकांच्या घरातल्या जमिनींचे फोटो आहेत," बाई म्हणाल्या. "सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीच्या. यातल्या काही सिसिली बेटावर मी स्वतः पाहिल्यात. हे तुम्हाला जमेल का, मिस्त्री?"

मी बघत राहिलो. हत्ती, शहामृग, रानडुक्कर, गेंडा, सिंह, बिबट्या. सगळं नखाएवढ्या दगडी तुकड्यांचं. पिंजऱ्यातला एक, दोरीने ओढून नेलेला एक, जहाजाच्या फळीवर चढायला तयार नसलेला एक. बाईंनी सांगितलं की रोमन लोक आफ्रिकेतून आणि लांबलांबून जनावरं धरून आणायचे, मोठ्या गोल मैदानात हजारो लोकांसमोर त्यांच्या झुंजी लावायचे, मारायचे. आणि ज्या श्रीमंतांना त्याचा अभिमान, ते आपल्या दिवाणखान्यात त्याचीच चित्रं बसवून घ्यायचे.

"म्हंजी मरायला चालल्यात ही सगळी?" मी विचारलं.

"हो. पण ज्याने ही बसवली ना, त्याला त्यांची कीव आली असावी. डोळे बघा."

मी डोळे बघितले. दोन काळे तुकडे आणि एक पांढरा, बस. तेवढ्यानेच तो बिबट्या घाबरलेला दिसत होता. आणखी एक गोष्ट दिसली, जी बाईंना कोणी सांगितली नव्हती. प्रत्येक जनावराच्या भोवती पांढऱ्या तुकड्यांची एक ओळ त्याच्या अंगाला धरून वळत गेली होती, मग दुसरी, मग तिसरी. कोळवणच्या उतारावर भाताचे बांध डोंगराच्या अंगाने वळतात तशी. मी ते बोललो तेव्हा बाई पहिल्यांदा हसल्या. "तीस वर्षं शिकवलं, पण हे माझ्या लक्षात आलं नव्हतं," म्हणाल्या. काम माझं झालं.

आता काम कसं करतात ते सांगतो. नेहमीची मोझॅकची फरशी म्हणजे सिमेंटात दगडाचे कण आणि वरून घासणं. ते वेगळं. ही चित्राची मोझॅक मी तरुणपणी मुंबईत एका म्हाताऱ्या उस्तादाकडे शिकलो होतो. तिची रीत उलटी असते. खाकी कागदावर चित्र उलटं काढायचं, गव्हाच्या पिठाची खळ लावायची, आणि दगडाचे तुकडे तोंड खाली करून चिकटवत जायचे. वाळलं की तो कागद उचलून ओल्या मसाल्यावर पालथा घालायचा. वर कागद, खाली दगड. दुसऱ्या दिवशी कागद पाण्याने भिजवून सोलून काढला की चित्र सुलटं होऊन वर येतं. तोपर्यंत आपण काय केलं ते आपल्यालाही दिसत नाही. दिसतो तो खाकी कागद आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीने घातलेला नंबर. सगळी मदार त्या नंबरावर.

तुकडे पाडायला एक छिन्नी लाकडाच्या ओंडक्यात उलटी ठोकायची, धारेवर दगडाची पट्टी धरायची आणि वरून हातोडीची टिचकी द्यायची. बाई म्हणाल्या, रोमन कारागीरही असंच करायचे. ते ऐकल्यापासून मला त्या माणसाची सोबत वाटायला लागली. नाव नाही, गाव नाही, कुठल्या तरी श्रीमंताच्या रिकाम्या घरात बसून दिवसभर टिचक्या देणारा कोणी. त्यानेही गेंडा कधी पाहिला नसावा. त्याच्या गेंड्याचा पाय चुकला होता, आणि मी तो तसाच चुकलेला ठेवला.

काळा दगड इथलाच घेतला. पांढरा आणि पिवळा संगमरवर पुण्याहून आणला, हिरवा बडोद्याचा. विटकरी रंगासाठी जुनी कौलं फोडली. पावसाळाभर मी बाईंच्या पडवीत मुक्काम ठोकून जनावरं करत होतो. दमट हवेत खळ वाळेना, मुंग्या ती खायला यायच्या. म्हणून कागद चुलीच्या उबेला मांडून ठेवायचे. खालच्या वाडीतल्या सोनाबाई बाईंकडे कामाला यायच्या. त्यांच्या चुलीभोवती हत्ती आणि शहामृग पालथे पडलेले असायचे. त्या म्हणायच्या, "आवो मिस्त्री, तुमच्या जनावरांपायी भाकर थापाय जागा न्हाई ऱ्हायली." बोलायच्या, पण कागदांना धक्का लागू द्यायच्या नाहीत. आमच्या डोंगरात बिबट्या आहे आणि लोक त्यालाही वाघच म्हणतात. सोनाबाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं, की वाघाच्या अंगावर त्या पाय देणार नाहीत, कडेकडेने जातील.

पुढच्या खोलीच्या या फरशीवर बाकीची जनावरं चौकटीत एकेकटी होती. मधोमध मात्र भिंतीपासून दारापर्यंत एक लांब पट्टा होता, आणि बाईंचा जीव त्या पट्ट्यात होता. त्याची गोष्ट त्यांनी मला अशी सांगितली. शिकारी वाघिणीची पिल्लं चोरतो आणि घोडा पळवतो. वाघीण मागे लागते. ती गाठणार असं दिसलं की तो एक काचेचा गोळा मागे टाकतो. वाघीण वाकून बघते. गोळ्यात तिचंच रूप दिसतं, पण इवलंसं. तिला वाटतं, पिल्लू सापडलं. ती थांबते, आणि तेवढ्यात शिकारी जहाजावर चढतो.

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. चित्र तिथे संपतं," बाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

आतल्या खोलीच्या भिंतीवर फोटोंची एक रांग होती. तीही मी रोज बघत होतो. एकाच मुलीचे फोटो. पहिल्यात चारेक वर्षांची, परकर-पोलक्यात. मग शाळेच्या कपड्यात, मग दोन वेण्या, मग साडीत, मग मंगळसूत्र घालून. सगळ्यांत ती फोटोग्राफरच्या स्टुडिओत सरळ उभी. कुठेच हसलेली नाही.

सोनाबाईंकडून कळलं. ती बाईंची मुलगी, माधवी. बाईंचं नवऱ्याशी पटलं नाही. तो मुलीला घेऊन नागपूरला गेला. दोन्हीकडच्या मोठ्यांनी बसून ठरवलं, की पोरीची ओढाताण नको. बाईंनी नागपूरला पाऊल टाकायचं नाही, पत्र लिहायचं नाही. बदल्यात दर दिवाळीला मुलीचा एक फोटो येईल. बाईंनी ते कबूल केलं, आणि बावीस वर्षं पाळलं. कॉलेजात मोठमोठ्या राजांचे तह शिकवणारी बाई, आणि स्वतःचा तह असा.

बावीस वर्षांत त्यांनी मुलीला पाहिलं नव्हतं. नवरा आता हयातही नव्हता. आणि मुलगी नागपुरातच, लग्न होऊन.

गोळा मी सर्वांत शेवटी केला. काच हवी होती, म्हणून पौडहून गोटीसोड्याच्या फुटक्या बाटल्या आणल्या. हिरवट निळी काच छान निघाली. गोळ्याच्या आतली छोटी वाघीण फक्त अकरा तुकड्यांची. ती बसवताना माझा हात थांबला. मी सातवी पास माणूस, पण एवढं कळायला काय लागतं? फोटोंच्या रांगेसमोर रोज सकाळी उभी राहणारी बाई मी पाहिली होती. ती त्या काचेत बघत होती आणि घोडा पुढे निघून गेला होता.

बसवायच्या दिवशी सकाळी पोस्टमन आला. दिवाळीला अजून अवकाश असताना फोटो आला होता, सोबत सासरच्या कोणाची तरी चिठ्ठी. माधवी नवऱ्याबरोबर परदेशी चालली होती, तीन आठवड्यांत. बाईंनी फोटो मला दाखवला.

"आता पुढचे फोटो तिकडून येतील," म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता.

मला राहवलं नाही. "बाई, नागपूर काय लांब न्हाई. राती गाडीत बसलं की दुसऱ्या दिशी नागपूर. जाऊन या."

"ठरलेलं आहे, मिस्त्री."

"ठरवणारी मान्सं आता हायेत कुटं?"

बाईंचा चेहरा कडक झाला. "तुम्ही फरशीचं बघा," म्हणाल्या.

मी फरशीचं बघायला गेलो. कानशिलं तापली होती. आपली पायरी सोडून बोललो याची लाज वाटत होती, आणि तरी बोललो ते खोटं नव्हतं म्हणून रागही येत होता. आजूबाजूची जनावरं आधीच बसून झाली होती, फक्त मधला पट्टा उरला होता. मसाला पसरला आणि भिंतीकडून लावायला घेतलं. पहिला कागद जहाजाचा, दुसरा घोडेस्वाराचा. मग एक अरुंद कागद, जेमतेम वीतभर, त्यावर फक्त गोळा. मग वाघीण. असा चार कागदांचा क्रम ठरलेला होता.

आता आमच्या हाताची एक सवय सांगायला हवी. फरशी लावताना अख्ख्या फरश्या आधी, नजरेसमोर, भिंतीकडून लावत यायच्या. जागा भरायला जो कापलेला तुकडा लागतो, तो सर्वांत शेवटी, उंबऱ्याशी. अरुंद तुकडा मध्ये घालणारा माणूस आमच्यात फरशीवाला म्हणवत नाही. तीस वर्षं हे हात तसंच करत आले होते. त्या दिवशी डोकं जाग्यावर नव्हतं आणि कागद सगळे सारखेच खाकी. हातांनी आपल्या मताने काम केलं. जहाज, घोडेस्वार, मग अख्खा कागद वाघिणीचा, आणि अरुंद तुकडा शेवटी, दाराशी. मी त्यावर थापी मारली, पाठी सरकलो आणि बाहेर पडवीत आलो. नंबराकडे बघितलंसुद्धा नाही.

थोड्या वेळाने बाई आल्या. माझ्याशी बोलायचं नसेल असं वाटलं होतं, पण त्या स्टूल घेऊन दारातच बसल्या आणि त्या कागदांकडे बघत राहिल्या.

मग म्हणाल्या, "मिस्त्री, हे अजून हलवता येईल?"

"आत्ता येईल. दोन-तीन तासांनी धरंल. मग पहारीशिवाय निघायचं न्हाई."

त्यांनी घड्याळ बघितलं. मला वाटलं, नाजूक काम, काळजी वाटत असेल. सोनाबाईंनी चहाला हाक मारली तर नको म्हणाल्या. तीन तास त्या स्टुलावरून उठल्या नाहीत. पुढे एकदा विचारलं, "धरलं का?" मी कोपऱ्यावर बोट दाबून पाहिलं, म्हटलं, "अजून थोडं." आणखी थोड्या वेळाने पुन्हा, "आता?"

"धरलं, बाई."

"बरं झालं," म्हणाल्या आणि मागच्या दाराने आत जाऊन पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद भिजवले. पट्ट्यावर सरळ आडवी फळी टाकून भिंतीकडून सोलायला लागलो. जहाज आलं. घोडेस्वार आला, काखेत दोन पिल्लं. जनावरांच्या पायाखालच्या सावल्या अशा बसल्या होत्या की माझं मलाच कौतुक वाटलं. तिसरा कागद सोलला आणि वाघीण वर आली. काहीतरी बिघडलंय हे कळलं, पण काय ते लगेच कळेना. तेवढ्यात सोनाबाई भांडी घेऊन पडवीत आल्या आणि दारातूनच ओरडल्या.

"आगं बया! बाई, भाईर या! वाघीण पोचली की वो त्याच्यापत्तुर! आता काय सोडतीय व्हय ती!"

मग मला दिसलं. वाघीण घोड्याच्या शेपटीला भिडली होती. गोळ्यात बघायला खाली घातलेलं तिचं तोंड आता घोड्याच्या मागच्या खुरापाशी होतं. आणि गोळा पार मागे, उंबऱ्याशी पडला होता. ती त्याला ओलांडून पुढे आली होती.

एवढ्या वर्षांच्या कामात नंबर चुकला नव्हता, आणि चुकला तो इथे. बाई बाहेर आल्या. "उखडून देतो, आजच देतो" हे शब्द माझ्या ओठांवर होते. बाई वाघिणीकडे बघत होत्या.

"मिस्त्री," त्या हळू म्हणाल्या, "हे तुम्ही मुद्दाम केलंत?"

काय बोलावं? नाही म्हणालो तर चूक कबूल, आणि ती वाघीण उखडायची. हो म्हणालो तर खोटं. मी मान खाली घातली. तिचा अर्थ काय घ्यायचा तो त्यांनी घेतला.

"थँक यू," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. सोनाबाई भांडी घेऊन तशाच उभ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने बाई पुण्याला आणि तिथून नागपूरला गेल्या. एक पिशवी, एक छत्री. किल्ली माझ्याकडे. "घासून घ्या तोवर," म्हणाल्या.

त्या नऊ दिवसांइतका एकटा मी कधी नव्हतो, हमीदा गेल्यावरही नाही. हाताने बट्टी, म्हणजे घासायचा दगड, फिरवत एकेका जनावराची झिलई काढत होतो. घरात मी आणि मरायला निघालेली ती सगळी जनावरं. सोनाबाई सकाळी येऊन झाडलोट करून जायच्या. बाकी दिवसभर बट्टीचा आवाज. बाईंना तिकडे दारातून परत पाठवलं तर? पोरगी निघून गेली असली तर? एका फरशीवाल्याच्या चुकीवर बाईंनी बावीस वर्षांचा शब्द मोडला होता. काही वाईट झालं, तर ते माझ्यावर येणार होतं, आणि मला ते कोणाला सांगताही येणार नव्हतं.

दहाव्या दिवशी दुपारच्या एसटीतून बाई उतरल्या. मी बांधावर उभा होतो.

"भेटली?"

"भेटली. आधी ओळखलं नाही तिने." मग थोडं चालल्यावर, "माझा फोटो तिच्याकडे कुठे होता?"

एवढंच सांगितलं. मीही पुढे विचारलं नाही. पण त्या दिवसानंतर फोटो यायचे बंद झाले आणि पत्रं यायला लागली. दोन वर्षांनी माधवीताई येऊन आठ दिवस राहूनही गेल्या. तेव्हा मी मुठ्यात कामावर होतो, माझी भेट झाली नाही.

पुढे सात वर्षं मी दर पावसाळा सरला की कोळवणला जायचो. फरशी बघायचं निमित्त. खरं तर बघायचं काही नसायचं. बाई चहा करायच्या, आम्ही दारापाशी बसायचो. मी लांब, भिंतीला टेकून. बोलणं थोडंच व्हायचं. दर वेळी मनात यायचं, आज सांगून टाकू. बाई, ते मी मुद्दाम केलं नव्हतं, माझा नंबर चुकला होता. दर वेळी चहा संपायचा आणि मी उठायचो. माझ्या कामाची स्तुती पुष्कळांनी केली, मी ती हक्काने घेतली. हीच एक फुकटची होती आणि हीच मला सोडवत नव्हती. बाईंच्या नजरेत मी जो शहाणा माणूस होतो, तो मी नव्हतो. पण त्या माणसासाठी त्या चहा ठेवायच्या.

बाई गेल्या तेव्हा मला चार दिवसांनी कळलं. पुढच्या महिन्यात माधवीताई घर आवरायला आल्या आणि त्यांनी सोनाबाईंना सांगून मला बोलावून घेतलं. फोटोतली ती न हसणारी मुलगी आता पस्तिशीची बाई झाली होती. बाईंसारखीच उंच.

"लहानपणी मला दर वर्षी स्टुडिओत नेऊन उभं करायचे," त्या म्हणाल्या. "कशासाठी ते कोणी सांगायचं नाही. मला वाटायचं, आईला मी नकोच आहे. ती दारात आली तेव्हा मी विचारलं, आज का आलीस? तर म्हणाली, आमच्या मिस्त्रींनी वाघिणीला पुढे जाऊ दिलं."

आता मात्र मला राहवलं नाही. बाईंना सांगता आलं नाही ते निदान लेकीला सांगावं.

"ताई, माफ करा. मी काय मुद्दाम न्हाई केलं. सवयीनं तुकडा दाराशी लावला. चूक झाली. तुमच्या आईला मी सात वर्षं फसवलं."

माधवीताईंनी खाली बसून वाघिणीच्या पाठीवरून हात फिरवला.

"आईला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "कागद ओले होते तेव्हाच तिने पाठीवरचे नंबर वाचले. एक, दोन, चार, तीन. मसाला धरेपर्यंत ती तीन तास तिथून उठली नाही."

मला ते स्टूल दिसलं. ते घड्याळ. धरलं का, मिस्त्री? आता?

"मग बोलल्या का न्हाईत?"

"मी पण हेच विचारलं तिला. तर म्हणाली, सांगितलं असतं तर मिस्त्रींनी लगेच नीट करून दिलं असतं."

सात वर्षं आम्ही दोघं या फरशीवर बसून एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत चहा प्यायलो होतो. एका शब्दात ती संपली असती, आणि मग कदाचित आम्ही हसलोही असतो. आता हसायला समोर कोणी नव्हतं.

माधवीताई कुलूप घेऊन पडवीत उभ्या होत्या. मी जनावरांकडे तोंड करून सवयीने मागे मागे सरकत दाराशी आलो. उंबऱ्याशी पाय त्या अरुंद तुकड्यावर पडला. टाच आपटून पाहिली. तुकडा भरीव वाजला.